तल्लीन, गर्क, गुंतलेला : मराठीतील निमग्नतावाचक शब्दांचा विचार

एखाद्या विषयात मन पूर्णपणे शिरले असता त्या अवस्थेचे वर्णन करण्यासाठी मराठीत शब्दांची मोठी समृद्धी आहे. तल्लीन, तन्मय, मग्न, गर्क, दंग, गुंग, मश्गूल हे शब्द आणि रमणे, रंगणे, गढून जाणे, गुंतणे, तंद्री लागणे यांसारखे प्रयोग सामान्यतः समानार्थक मानले जातात. त्यांच्यातील भेद कोणत्या तत्त्वावर उभा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी रायपूर हे स्थान विशेष उपयुक्त आहे. १७४१ मधील भास्करपंतांच्या स्वारीनंतर छत्तीसगढात नागपूरकर भोसल्यांचा प्रवेश झाला. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला आणि १८१८ नंतर, ब्रिटिश देखरेखीच्या काळात, कारभाराचे ठाणे रायपुरास आले. या ओघात येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या भोवती हिंदी आणि छत्तीसगढी नित्य वावरत आल्या आहेत. एकाच रूपाचा शब्द घरात एका अर्थाने आणि बाहेर दुसऱ्या अर्थाने भेटावा, अशी ही परिस्थिती आहे.

प्रथम अशाच शब्दांकडे पाहू. हिंदीत ‘दंग रह जाना’ म्हणजे आश्चर्याने थक्क होणे. मराठीत ‘पाहून दंग झाला’ या प्रयोगात तो अर्थ टिकून आहे, परंतु ‘मुले खेळात दंग आहेत’ या वाक्यात आश्चर्याचा लवलेशही नाही. फारसीत ‘गुंग’ म्हणजे मुका. मराठी माणूस मात्र वाचनात गुंग होतो. ‘गर्क’ याचा मूळ अरबी अर्थ बुडालेला. हिंदी-उर्दूत विचारांत गर्क होण्याचा प्रयोग असला, तरी ‘बेडा गर्क होणे’ या वाक्प्रचारात बुडण्याचा आणि नाशाचा अर्थ ठळकपणे जिवंत आहे. मराठीत ‘कामात गर्क’ म्हणताना नाशाची कल्पना मनात येत नाही. संस्कृत ‘तंद्रा’ म्हणजे झापड, आणि हिंदीत तोच अर्थ चालतो. मराठीत ‘तंद्री’ चिंतनाचीही लागते.

आश्चर्य, मूकपणा, बुडणे आणि झापड या चारही कल्पनांत एक साम्य दिसते. त्या चारही माणसाच्या नेहमीच्या शक्ती थांबल्याच्या सूचक आहेत. निमग्न मनुष्य हाकेला ओ देत नाही, समोरचे पाहत नाही. जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीस तो मुका किंवा झोपाळलेला वाटतो. म्हणजे या शब्दांची दृष्टी बाहेरची आहे. त्या माणसाला हाक मारून थांबलेल्या व्यक्तीच्या बाजूने ते बोलतात. म्हणूनच त्यांत पुष्कळदा सौम्य तक्रार असते. ‘मश्गूल’ या शब्दात ती अधिक स्पष्ट होते: ‘मंडळी गप्पांत मश्गूल होती’ असे ऐकताच, त्यांनी दुसरीकडे लक्ष द्यावयास हवे होते, हे सुचविले जाते.

दुसरा वर्ग आतून पाहणाऱ्या शब्दांचा. ‘तल्लीन’ आणि ‘तन्मय’ या दोहोंत ‘तत्’ म्हणजे ‘ते’ आहे. विषयाशी झालेली एकरूपता त्यांत व्यक्त होते. या वर्गास मनाची संमती लागते. ‘चिंतेत मग्न’ किंवा ‘चिंतेत गढलेला’ असे म्हणता येते, ‘चिंतेत तल्लीन’ असे म्हणता येत नाही. ‘रमणे’ या क्रियापदास तर सुखाची अट आहे. ‘तो दुःखात रमला’ असे कोणी म्हटले, तर ते वर्णन राहत नाही, दोषारोप होतो. ‘रंगणे’ याची गती आणखी निराळी आहे. गायक रंगतो, श्रोते रंगतात आणि मैफलही रंगते. व्यक्ती आणि प्रसंग या दोहोंस एकच क्रियापद लावून मराठी ही अवस्था सामुदायिक करते. हिंदीत मैफलीचा ‘रंग जमतो’. तेथे गायकासाठी वेगळा प्रयोग शोधावा लागतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘गुंतणे’. माणूस कामात गुंततो, जीव कोणावर तरी गुंततो, पैसा व्यवहारात गुंततो आणि एखादा मनुष्य फौजदारी प्रकरणातही गुंततो. या सर्व प्रयोगांमागे धाग्याच्या गुंत्याचे चित्र आहे. गढलेला मनुष्य काम संपताच वर येतो. गुंतलेल्यास सोडवून घ्यावे लागते.

हा भेद केवळ कोशकाराच्या उपयोगाचा नाही. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांच्या कार्याकडे पाहिले असता त्याचे मोल कळते. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू करणारे आणि रायपुरातच देह ठेवणारे सप्रे मराठी घरातले होते. समर्थांचा दासबोध आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले टिळकांचे गीतारहस्य हे दोन्ही ग्रंथ त्यांनी हिंदीत नेले. कर्मयोगाच्या विवेचनाचा गाभा असा की, मनुष्याने कर्मात सर्वस्वी गढून असावे, परंतु त्यात गुंतू नये. मराठीत हे दोन क्रियापदांच्या विरोधातून साध्या वाक्यात सांगता येते. हिंदीत शब्दास शब्द ठेवून ते साधत नाही. तेथे ‘लगे रहना’ आणि ‘लिप्त होना’ ही वेगळी जोडी उभी करावी लागते. धाग्याच्या जागी लेपाचे चित्र येते. मराठीने त्या चित्रातून ‘अलिप्त’ हा शब्द नित्य व्यवहारात ठेवला, ‘लिप्त’ मात्र फारसा वापरला नाही.

तेव्हा या शब्दांचा अर्थ देताना केवळ पर्यायांची रांग मांडणे पुरेसे नाही. अवस्था आतून पाहिली आहे की बाहेरून, मनाची संमती आहे की नाही, आणि सुटका सहज आहे की कष्टाची, हे तीन प्रश्न प्रत्येक शब्दास विचारावयास हवेत. दोन भगिनीभाषांत शब्दाचे रूप एक असते तेव्हा तर ते अधिकच आवश्यक ठरतात. कारण अनोळखी शब्दापाशी अनुवादक थांबतो, ओळखीच्या शब्दावरून तो न थांबता पुढे जातो.