पुस्तक वाचून पोरांना फुटबॉल शिकवू



वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांत संध्याकाळी आखरावर पोरे जमतात. कोणी विटी-दांडू खेळतात, कोणी कबड्डी. एखाद्याजवळ चेंडू असला, की फुटबॉल सुरू होतो. पण घटकाभरात भांडण लागते. एक म्हणतो, "गोल झाला." दुसरा म्हणतो, "नाही झाला." मोठी पोरे चेंडू सोडत नाहीत. लहान पोरे काठावर उभी राहून पाहतात. शेवटी ज्याचा चेंडू, तो काखेत मारून घरी जातो आणि खेळ मोडतो.

अशा वेळी जवळ एक समजदार माणूस हवा. पण मोठी माणसे म्हणतात, "आम्ही जन्मात फुटबॉल खेळलो नाही. आम्ही काय शिकवणार?" हे म्हणणे खोटे नाही, पण पुरे खरेही नाही. ज्याला वाचता येते, त्याला शिकता येते. आणि जो रोज थोडे शिकतो, तो लहान पोरांना शिकवू शकतो. ते कसे, हे या धड्यात आपण पाहू.

पुस्तकातून खेळ शिकता येतो का?

आपल्या मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' नावाचा मोठा ग्रंथ आहे. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी तो संपादित केला. त्याचे १० खंड आहेत. कुस्ती, मल्लखांब असे किती तरी प्रकार त्यात चित्रे देऊन समजावले आहेत. ज्या गावी वस्ताद नव्हता, त्या गावच्या तरुणांना अशा ग्रंथाचा मोठा आधार. आपल्या शेजारी अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली जर्मनीत बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. व्यायामाची विद्या आपल्या वऱ्हाडाला नवी नाही.

फुटबॉलचेही एक उदाहरण विदर्भातलेच आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ साली त्यांनी झोपडपट्टीतली पोरे पावसात एक फुटकी बादली लाथेने खेळवताना पाहिली. त्यांनी त्या पोरांना चेंडू दिला, सामने भरवले. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. पुढे २०२२ साली 'झुंड' हा चित्रपटही या गोष्टीवर निघाला. यातून आपण काय घ्यावे? खेळायची हौस पोरांजवळ असतेच. तिला वळण लावणारा माणूस तेवढा हवा.

पुस्तक कसे वाचावे?

खेळाचे पुस्तक गोष्टीच्या पुस्तकासारखे एका बैठकीत वाचू नये. आज एक पान वाचावे. मग चेंडू घेऊन आपल्या अंगणात ते स्वतः करून पाहावे. जमले, की दुसऱ्या दिवशी पोरांना दाखवावे.

पुस्तकात आकृत्या असतात. गोल म्हणजे खेळाडू, बाण म्हणजे धाव, तुटक रेघ म्हणजे चेंडूची वाट, अशा खुणा असतात. प्रत्येक पुस्तकात खुणा वेगळ्या असू शकतात. म्हणून खुणांचा अर्थ कोठे दिला आहे, ते आधी शोधावे. आकृती कळली नाही, तर जमिनीवर काडीने काढावी आणि खेळाडूंच्या जागी खडे ठेवावे. खडे सरकवले की आकृती बोलू लागते.

मैदान आणि चेंडू

मोठ्या माणसांचे मैदान ९० ते १२० मीटर लांब असते. गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते. दहा वर्षांच्या पोराला एवढे मैदान नको. पाच-पाच गड्यांच्या खेळाला ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद जागा पुरते. गोलासाठी दोन काठ्या ३ मीटर अंतरावर रोवाव्या.

मोजायला टेप नसेल, तर कासऱ्याला एकेक मीटरवर गाठ मारावी. कोपरा सरळ यावा म्हणून एका रेघेवर ३ मीटरवर खूण करावी, दुसऱ्या रेघेवर ४ मीटरवर. दोन खुणांमधले अंतर ५ मीटर भरले, की कोपरा काटकोनात आला. गवंडी घराचा पाया असाच आखतो.

मोठ्यांचा चेंडू ५ नंबरचा असतो. त्याचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम. आठ ते बारा वर्षांच्या पोरांना ४ नंबरचा लहान चेंडू द्यावा. मोठ्या जड चेंडूने लहान पाय दुखावतात आणि पोर घाबरते.

एक तासाचा पाठ

पहिली १० मिनिटे: हलके धावणे, पकडापकडी. अंग गरम झाले पाहिजे.

पुढची १५ मिनिटे: एकच कसब शिकवावे. समजा, आज चेंडू जोडीदाराकडे देणे शिकवायचे. एक पाय चेंडूच्या बाजूला रोवावा. त्या पायाचे बोट जोडीदाराकडे असावे. दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडू ढकलावा. बोटाने मारू नये. बोटाने मारलेला चेंडू कोठेही जातो. चेंडू घेताना पाय ताठ ठेवू नये. चेंडू लागताच पाय थोडा मागे घ्यावा. कोणी अंडे फेकले, तर आपण हात मागे घेत झेलतो ना? तसेच हे.

पुढची १० मिनिटे: चौघे भोवती आणि एक मध्ये. चौघांनी चेंडू एकमेकांना द्यावा, मधल्याने तो हिसकावा. ज्याचा चेंडू गेला, तो मध्ये येतो.

पुढची २० मिनिटे: खेळ. या वेळी शिकवणाऱ्याने फार बोलू नये. पोरांना खेळू द्यावे.

शेवटची ५ मिनिटे: पाणी, बसणे, आज काय शिकलो ते पोरांनीच सांगणे.

एक हिशेब

शिकवणारा नवा असला, की तो पोरांची लांब रांग लावतो. २० पोरे, १ चेंडू, २० मिनिटे. प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ आला? फक्त १ मिनिट. उरलेली १९ मिनिटे ते पोर उभे असते. मग रांगेतून आवाज येतो, "भाऊ, मले चेंडू कवा भेटन?"

आता ४ चेंडू घ्या आणि पाच-पाच पोरांचे ४ गट करा. प्रत्येकाच्या वाट्याला ४ मिनिटे आली. चांगले चेंडू नसतील, तर चिंध्यांचे करावे. पोर चेंडूला जितक्या वेळा शिवेल, तितके ते शिकेल.

भांडण नको, नियम वाचा

फुटबॉलचे नियम प्रथम १८६३ साली लंडनमध्ये लिहिले गेले. आज त्यांची संख्या १७ आहे. सगळे एकदम पाठ करायला नको. हे तीन आधी लक्षात ठेवा.

१. पूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेला, तरच गोल. थोडा जरी रेषेवर राहिला, तर गोल नाही.

२. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला, तर दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून वरून आत टाकावा. टाकताना दोन्ही पाय जमिनीवर हवेत.

३. गोलरक्षकाखेरीज कोणी मुद्दाम हाताने चेंडू खेळू नये.

भांडण झाले, तर पुस्तक उघडून नियम मोठ्याने वाचावा. पोरे शाळेत जातात. त्यांच्याकडूनच वाचून घ्यावा. मग पाटलाचा पोरगा आणि सालदाराचा पोरगा यांना एकच न्याय लागतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसते.

जीव आधी, खेळ मागून

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच खेळावे. दर १५ मिनिटांनी पाणी द्यावे. पोराला चक्कर आली, मळमळले, तर लगेच सावलीत न्यावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि दवाखाना गाठावा. खेळण्यापूर्वी काटे आणि काचा वेचाव्या. काही अनवाणी, काही बुटात, असे एकत्र खेळवू नये. अनवाणी पोराचा पाय चिरडतो.

लहान पोरांना डोक्याने चेंडू मारायला शिकवू नये. अमेरिकेत २०१५ पासून १० वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना ही मनाई आहे. डोक्याला मार लागला, तर त्या दिवशी पोराला पुन्हा खेळवू नये. "काही झालं नाही, ऊठ," असे म्हणू नये. डॉक्टरांना दाखवावे.

कोणी खेळावे?

सर्वांनी. जे पोर गुरे घरी बांधून उशिरा येते, त्याच्यासाठी जागा राखावी. जे मंद धावते, त्यालाही रोज खेळवावे. मुलींना तर आवर्जून बोलवावे. २०२२ साली १७ वर्षांखालील मुलींची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतात झाली. तिचे काही सामने आपल्या नवी मुंबईत झाले. मग आपल्या गावची पोरगी काठावर का उभी राहावी? तिच्या आईवडिलांना आधी जाऊन भेटावे, खेळाची वेळ आणि जागा सांगावी. आया स्वतः येऊन बसल्या, तर फारच उत्तम. शिकवणारी बाई असली, तर त्याहून उत्तम.

पुस्तकाने सुरुवात होते. पुढे मात्र जाणत्याकडे जावे लागते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे शिकवणाऱ्यांसाठी पायरीपायरीचे वर्ग असतात. त्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी. जाताना आपली वही बरोबर न्यावी. कोणते पोर आले, काय शिकवले, काय जमले नाही, हे रोज त्या वहीत लिहिलेले असावे. वाचलेले करून पाहणे आणि केलेले लिहून ठेवणे, हेच खरे शिकणे होय.

प्रश्न

१. आकृती वाचण्याआधी काय शोधावे?

२. २४ पोरे आणि ६ चेंडू असतील, तर एका गटात किती पोरे येतील?

३. पोराच्या डोक्याला मार लागला, तर तुम्ही काय कराल?

४. तुमच्या गावातली कोणती पोरे खेळायला येत नाहीत? का येत नाहीत? त्यांची नावे वहीत लिहा आणि त्यांच्या घरी जाऊन या.