स्नॅपशॉट घेतलास, रिस्टोअर केलंस का?

चि. केतकी हिस,


कुबरनेटिसचं क्लस्टर तुझ्या हाती आलं, वाचून बरं वाटलं. ‘एटसीडीचे तीन नोड आहेत, त्यामुळे बॅकअपची चिंता नाही’ हे वाक्य मात्र खटकलं.

एटसीडी म्हणजे क्लस्टरची नोंद ठेवणारा डेटाबेस. त्याच्या तीन नोडांतला एक पडला तरी दोघांचं बहुमत उरतं आणि काम चालू राहतं. पाच असतील तर दोन पडलेले चालतात. नोडांचं एकमत राखणाऱ्या राफ्टची हमी तेवढीच. घाईत कुणी भलतीच नेमस्पेस डिलीट केली, तर ती कमांड तिन्ही नोड इमानेइतबारे पाळतात.

तेव्हा स्नॅपशॉट हवाच. ‘एटसीडीसीटीएल स्नॅपशॉट सेव्ह’ चालू क्लस्टरवर चालते, काही बंद करावं लागत नाही. डेटा डिरेक्टरीतली डीबी फाइल परस्पर कॉपी करू नकोस. स्नॅपशॉटला पडताळणीचा हॅश असतो, त्या कॉपीला नसतो. स्नॅपशॉटची फाइल दुसऱ्या जागी हलव आणि तिथेही जपून ठेव. क्लस्टरची सगळी सीक्रेट्स तिच्यात असतात आणि एन्क्रिप्शन वेगळं लावलं नसेल तर ती उघडीच. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे. सर्टिफिकेटं आणि व्हॉल्यूममधला डेटा मात्र तिच्यात नसतो. त्यांचा बॅकअप वेगळा.

पण बॅकअप ठरवला म्हणजे तो हाती असतोच असं नव्हे. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री चुकून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसली. रोजचा डंप शोधायला गेले तर तो नव्हताच: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे तो रोज फेल होत होता. तशी इशाऱ्याची ईमेलही निघत होती, पण सही नसल्यामुळे पलीकडचा सर्व्हर ती नाकारत होता. वाचवलं ते सुमारे सहा तास आधी कुणी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. मधल्या तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे सगळं त्यांनी जगासमोर मांडलं, याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे असं काही झालं की आधी चुकणाऱ्याचं नाव शोधतात.

आता रिस्टोअर. आधी एपीआय सर्व्हर थांबव, मग प्रत्येक नोडवर त्याच एका स्नॅपशॉटमधून उभारणी कर. क्लस्टर मागच्या वेळेला जातं: नंतर काढलेली डिप्लॉयमेंट परत उगवतात, नंतर केलेली नाहीशी होतात, त्यांचे व्हॉल्यूम बेवारस उरतात. रिव्हिजनचा आकडाही मागे जातो आणि जुन्या कॅशवर चालणारे कंट्रोलर गोंधळतात. म्हणून रिव्हिजन पुढे ढकलायचा पर्याय दे आणि शेड्युलर, कंट्रोलर मॅनेजर, क्यूबलेट रिस्टार्ट कर.

हे पहिल्यांदा प्रॉडक्शनवर करायची वेळ येऊ देऊ नकोस. वेगळ्या मशीनवर एकदा पूर्ण करून बघ, किती मिनिटं लागली ते रनबुकमध्ये लिहून ठेव. शुक्रवारी रात्री फोन करीन, तेव्हा तो आकडा सांग.

तुझा,
मामा