चुलीचा धूर

दिवस उगवण्यापूर्वी खेड्यातील अनेक घरांत चुली पेटतात. ओले सरपण धुमसू लागते आणि गृहिणी फुंकणीने जाळ फुलवीत त्या धुरात बसून राहते. डोळ्यांतील पाणी ती पदराने टिपते. परंतु श्वासाबरोबर छातीत गेलेला धूर तिला टिपता येत नाही.

श्वासनलिकेच्या असंख्य शाखा फुप्फुसांत पसरलेल्या असून त्यांच्या टोकांशी सूक्ष्म वायुकोश असतात. तेथेच रक्तास प्राणवायू मिळतो. वर्षानुवर्षे धूर अगर धूळ आत जात राहिल्यास या शाखांना सूज येऊन त्या अरुंद होतात आणि वायुकोशांच्या नाजूक भिंती नाश पावतात. त्या पुन्हा उभ्या राहत नाहीत. आरंभी केवळ खोकला येतो. पुढे चढण चढताना धाप लागते. अखेरीस अंगणापर्यंत चालणेही जड जाते.

हा विकार भारतात किती पसरला आहे, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीवरून कळते. १९९० साली देशात त्याचे सुमारे २ कोटी ८१ लक्ष रोगी होते. २०१६ मध्ये ही संख्या ५ कोटी ५३ लक्षांवर गेली. लोकसंख्या वाढली व माणसे अधिक वर्षे जगू लागली, हे या वाढीचे एक कारण होय. परंतु केवळ वार्धक्याने हा रोग जडत नाही. त्याने होणाऱ्या हानीपैकी निम्म्याहून अधिक हानीचे मूळ घरातील व बाहेरील दूषित हवेत आणि सुमारे चतुर्थांश हानीचे मूळ तंबाखूत आहे, असे त्या पाहणीत आढळले. म्हणूनच विडीला कधीही न शिवलेल्या स्त्रियांनाही हा रोग गाठतो.

१ मे २०१६ रोजी केंद्र सरकारने उज्ज्वला योजना सुरू केली आणि कोट्यवधी गरीब घरांत गॅसची शेगडी आली. तथापि सिलिंडर पुन्हा भरून आणण्याचा खर्च न झेपल्यामुळे पुष्कळ घरांत शेगडीशेजारी चूलही पेटतच राहिली. अशा घरांत निदान सरपण वाळलेले असावे, धूर बाहेर जाण्यास वाट असावी आणि लहान मुलांस चुलीपासून दूर ठेवावे.

ज्या चुलीवर साऱ्या घराचे अन्न शिजते, तिनेच त्या घरातील माउलीचा श्वास हिरावून घ्यावा, हे योग्य नव्हे. तिला स्वच्छ इंधन मिळवून देणे हे घरातील सर्वांचेच कर्तव्य आहे.

स्वाध्याय
१. धुरामुळे फुप्फुसांवर कोणते परिणाम होतात?
२. शेगडी येऊनही पुष्कळ घरांतील चूल का विझली नाही?