ताप आणि थकलेले हृदय

आपल्या न्यासाच्या सभासदांच्या घरांतून साठी ओलांडलेली मंडळी आता पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या उशाशी हृदयविकाराच्या गोळ्यांची डबी असते. म्हणून ताप, खोकला, लघवीची जळजळ ह्यांसारखा जंतुसंसर्ग आणि दुबळे झालेले हृदय ह्यांच्या संबंधाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

नल्लकुंट्याच्या सरकारी फीव्हर हॉस्पिटलला हैदराबादकर अजूनही ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. क्वारंटाईन ह्या शब्दाचे हे आपले देशी रूप. साथीच्या रोग्यांना वेगळे ठेवण्यासाठी १९१५ साली तो निघाला व १९२३ साली नल्लकुंट्यास आला. उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत मुशीकाठी आहे. तापाचा दवाखाना निराळा असणे योग्यच होते. पण म्हणून ताप हा एक आजार आणि हृदयाचा दुसरा, अशी वाटणी शरीर मात्र करीत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण ‘हार्ट फेल झाले’ असे म्हणतो ते माणूस गेला ह्या अर्थी. वैद्यकात हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती उणावलेली असते. मग पाणी मागे तुंबते. पाय सुजतात, उताणे निजले की दम लागतो. औषधांवर असे रोगी वर्षानुवर्षे बरे राहतात. एखाद्या दिवशी मात्र अचानक तोल जातो, फुफ्फुसांत पाणी भरते व रोग्यास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. असा तोल कशाने जातो हा खरा प्रश्न, आणि त्याचे एक मोठे उत्तर जंतुसंसर्ग हे आहे.

ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. ताप एक अंश फॅरनहाइट चढला की नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे दहाने वाढतात. धडधाकट हृदय हा भार सहज पेलते. थकलेल्याला तो जड जातो. न्यूमोनिया असेल तर फुफ्फुसातून प्राणवायू कमी मिळतो, म्हणजे काम वाढले आणि शिधा घटला. शिवाय जंतूंशी लढताना शरीरात जे दाहक पदार्थ निर्माण होतात ते हृदयाच्या स्नायूलाच काही काळ मंद करतात, आणि मूत्रपिंडे मीठपाणी धरून ठेवू लागतात. उलट बाजूनेही हेच घडते: पाण्याने ओली झालेली फुफ्फुसे जंतूंना आयतीच सापडतात. डॉक्टरांचीही येथे कसोटी लागते. दम, खोकला, एक्स-रेवरील छाया दोन्ही आजारांत सारखीच. आणि तीव्र संसर्गात शिरेतून सलाईन द्यावे लागते, तर भरलेल्या फुफ्फुसांतून पाणी काढावे लागते!

अमेरिकेत २५९ रुग्णालयांतील ४८,६१२ रोग्यांच्या नोंदी तपासून २००८ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात तोल जाण्याच्या कारणांत न्यूमोनिया व श्वसनाचे विकार सर्वांत पुढे, शेकडा पंधरा होते. आणि अशा रोग्यांत रुग्णालयातील मृत्यूही अधिक आढळले. पुढे २०१७ साली अनेक देशांतील पंधरा हजारांवर रोग्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. हृदयाच्या झटक्याने तोल गेला तर धोका पहिल्या काही दिवसांत अधिक असतो. संसर्गाने गेला तर तो रेंगाळतो, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत मोठा असतो. तोपर्यंत रोगी बहुधा घरी आलेला असतो, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरलेली असते आणि घरचे निर्धास्त झालेले असतात.

आपल्या देशातील चित्रही गंभीर आहे. ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रोग्यांच्या राष्ट्रीय नोंदीत सरासरी वय साठीच्या आतबाहेरच होते, आणि नव्वद दिवसांत सातांतील एक रोगी दगावला.

घरच्या माणसांनी काय पाहावे? रोज सकाळी शौचास जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले तर ते अंग धरणे नव्हे, पाणी साठणे होय. डॉक्टरांस त्याच दिवशी कळवावे. वृद्धांना संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. जेवणावरची वासना उडणे, बोलण्यात असंबद्धता, एकाएकी गळून जाणे एवढेच लक्षण असू शकते. सुजलेल्या पायावरची लहानशी चीर, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या ह्यांतूनही जंतू शिरतात, म्हणून पाय रोज पाहावेत. मधुमेह असेल तर अधिकच.

तापात ‘भरपूर पाणी पाजा’ हा सल्ला इतरांना ठीक. ह्या रोग्यांना पाणी किती व मीठसाखरेचे पाणी द्यावे की नाही, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. पेजेबरोबर पापड-लोणचे देण्याची आपली माया येथे आवरलेली बरी. अंगदुखीसाठी दुकानातून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून देऊ नये. त्या गोळ्या मीठपाणी अंगात अडवतात व मूत्रपिंडांना त्रास देतात. लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, तशीच वाढवूही नये.

लसीविषयी विचारणा होते. भारतासह दहा देशांतील हार्ट फेल्युअरच्या ५,१२९ रोग्यांवर फ्लूच्या लसीचा जो प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२२ साली लागला. मृत्यू, झटका व पक्षाघात मिळून धरलेल्या मुख्य मोजणीत निर्णायक फरक दिसला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु न्यूमोनियाचे प्रमाण शेकडा चाळीसने घटले व रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंगही कमी झाले. वर सांगितलेले सारे ध्यानात घेता हा लाभ लहान नाही. ही लस दर वर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा मृगाच्या आधीच डॉक्टरांना विचारून ती टोचून घ्यावी. न्यूमोनियाची लस निराळी असते, तिचीही त्याच भेटीत चौकशी करावी.