विमानाचे तास, घड्याळाचे तास आणि आपला हिशेब

दुबईला किंवा चीनच्या ग्वांगझू शहरात मालाचे नमुने पाहायला जायचे म्हटले की आमचे तरुण व्यापारी बांधव आधी तिकिटाचा दर विचारतात. वेळेचा हिशेब मात्र तिकिटावर छापलेल्या आकड्यांवरून करतात, आणि तिथेच फसगत होते.

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. समजा, विमान मुंबईहून सकाळी १० ला सुटले. तिकिटावर दुबईची वेळ साडेअकरा दिसेल. म्हणजे सफर दीड तासाची? नव्हे, सुमारे तीन तासांची. दीड तास घड्याळाने मागे घेतला. परतताना तोच वसूल होतो आणि तिकिटावर साडेचार तास दिसतात.

उर्दू शाळेत जुगराफियाच्या तासाला आम्ही ज्याला तूल-बलद म्हणत असू, तेच मराठीत रेखांश. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंशांवर धरलेली, दुबईची ६० वर. फरक साडेबावीस अंश. ४ ने गुणा, ९० मिनिटे आली. सौदीची वेळ ४५ अंशांवर, चीनची १२० वर. दोन्हीकडे फरक अडीच तास, एक मागे, एक पुढे. मीटरने कापड मोजणाऱ्याला हे गणित जड नाही.

जिद्दा मुंबईपासून सुमारे ३,५०० किलोमीटर, ग्वांगझू ४,२००. विमान ताशी ८०० ते ९०० किलोमीटर जाते, पण चढण्या-उतरण्यात अर्धा तास वेगळा धरावा. शिवाय उंचावर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून जिद्द्याला जाताना वेळ जास्त, येताना कमी. वाटही नेहमी सरळ मिळत नाही. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली, एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद केली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला.

आता आमच्या पिंपळगाव राजाहून मोजा. नांदुरा स्टेशनपर्यंत एक तास, रेल्वेने मुंबई आठ-नऊ तास, स्टेशनवरून विमानतळ दोन तास, तिथे तीन तास आधी हजेरी. तीन तासांच्या उड्डाणाआधी चौदा-पंधरा तास जमिनीवरच जातात! गाडीचा उशीर वेगळाच.

आमच्या ओळखीचे एक कापडवाले दुबईहून रात्री साडेआठला निघाले. तीन तास मिळवून त्यांनी साडेअकराला मुंबई धरली आणि कल्याणहून पहाटे तीनची गाडी काढून ठेवली. उतरले तेव्हा मुंबईच्या घड्याळात एक वाजला होता, तारीखही बदलली होती. सामान आणि कस्टम उरकून बाहेर पडेपर्यंत अडीच. गाडी गेली. रमजानच्या खरेदीचे नमुने खामगावच्या गिऱ्हाइकाला त्याच सकाळी दाखवायचा शब्द दिला होता. त्याने दुपारपर्यंत दुसरीकडे ऑर्डर दिली.

अशा वेळी तिकिटाच्या मागे दोन ओळी लिहाव्यात: निघण्याची वेळ भारतीय घड्याळाने, पोहोचण्याचीही भारतीय घड्याळाने, तारखेसकट. रेल्वेचे आरक्षण त्यानंतर किमान पाच तास सोडून करावे.