रंग खरा दाखवेल तोच कॉम्प्युटर

लग्नाच्या फोटोंचं रिटचिंग करणाऱ्याला सगळ्यात महाग पडतो तो स्वस्तातला मॉनिटर. घरून अल्बमची कामं घ्यायला लागलो तेव्हा दुकानदाराने ‘फोटो एडिटिंगचा पीसी’ म्हणून एक मशीन असेंबल करून दिलं. काचेचा कॅबिनेट, आत रंगीत दिवे, गेमिंगचं तगडं ग्राफिक्स कार्ड. बजेट तिथेच संपलं. मग रॅमची ८ जीबीची एकच पट्टी, जुन्या धाटणीची हार्ड डिस्क आणि मॉनिटर ‘त्यातच बसवून दिलेला’.

पहिला अल्बम छापून आला. नवरीच्या वडिलांनी हळदीचं पान उघडलं आणि विचारलं, “हे फोटो संध्याकाळचे आहेत का? हळद तर सकाळी लागली होती.” स्क्रीनवर लख्ख दिसणारं अंगण कागदावर झाकोळलं होतं, चेहऱ्यांवर लालसर झाक होती. ती पानं पदरच्या पैशांनी पुन्हा छापून द्यावी लागली.

मॉनिटर टीएन पॅनेलचा होता. मान जरा खाली-वर केली की त्याच फोटोतल्या गालाचा रंग बदलायचा. त्यात कंपनीकडून येतानाच ब्राइटनेस वर चढवलेला. अशा पडद्यावर अंधारा फोटोही उजळ भासतो, म्हणून तो उजळावासा वाटतच नाही.

म्हणून बजेट आखताना आधी मॉनिटर ठरवा. आयपीएस पॅनेल आणि जवळपास १०० टक्के एसआरजीबी, एवढं बघाच. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेला मॉनिटर रंगाच्या कामाला घेऊ नका. त्याहून महागड्या अ‍ॅडोबी आरजीबी मॉनिटरची सुरुवातीला गरज नाही, कारण अल्बम छापणाऱ्या बहुतेक लॅब एसआरजीबीतल्या जेपीईजी फाइलीच घेतात. २४ इंची फुल एचडी पुरतो. ब्राइटनेस १०० ते १२० निट्सच्या आसपास उतरवा. कॅलिब्रेशनचं यंत्र दोघा-चौघांनी मिळून घेतलं तरी चालतं.

मग रॅम. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की २.४ कोटी पिक्सेल, प्रत्येकाचे तीन रंग आणि रंगामागे दोन बाइट, म्हणजे १४४ एमबी झाले. त्वचेचं काम करताना आपण त्याच फोटोच्या दोन-तीन लेयर सहज काढतो, शिवाय हिस्टरी साठत जाते. ८ जीबी बघता बघता भरतात, फोटोशॉप उरलेला भार डिस्कवर टाकतं आणि हीलिंग ब्रश फिरवल्यावर डाग जायला वाट बघावी लागते. निदान १६ जीबी घ्या, तेही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. मदरबोर्डला चार स्लॉट असले तर पुढे ३२ करणं सोपं जातं.

विंडोज, फोटोशॉप आणि चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर ठेवा. हार्ड डिस्क जुन्या कामांच्या साठवणीला उत्तम, पण एकाच डिस्कवर भिस्त नको. लग्न पुन्हा लागत नाही, म्हणून प्रत्येक कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

ग्राफिक्स कार्ड शेवटी. क्लोन, हीलिंग, लेयर, रंगसुधारणा ही कामं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर निभतात. एआयने नॉइज काढायचं काम रोजचं असेल तर कार्डाचा खरा उपयोग. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतं त्यात ग्राफिक्स नसतं, तो घेतला तर कार्ड घ्यावंच लागतं. पुढे कार्ड बसवायचं असेल तर पॉवर सप्लाय आजच चांगल्या कंपनीचा घ्या. आमच्याकडे वीज जाते-येते, त्यामुळे यूपीएसचा खर्च मी मशीनच्या किमतीतच धरतो.

पैसे फारच कमी असतील तर ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप आणि नवा, चांगला मॉनिटर ही जोडी मी बिनधास्त सुचवतो. इंटेल असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, कारण त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपली एक लेयरवाली फाइल आणि तिचीच लॅबमधून आलेली प्रिंट सोबत न्या. प्रिंट मॉनिटरशेजारी धरा, खुर्चीत मागे-पुढे होऊन बघा. मग प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर कोटेशनवर लिहून मागा. नुसतं ‘एलईडी मॉनिटर’ लिहून देणाऱ्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.