पत्ता आधी, पाहुणा नंतर

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबूच्या साहाय्याने ते नगर सजवले होते. समजा, अशा नगराची आखणी आपल्याकडे आली. नकाशावरच प्रत्येक झोपडीला क्रमांक देता येईल. पण कोणत्या झोपडीत कोण उतरणार, हे पाहुणे आल्यावरच कळेल. 'सी' या संगणक भाषेतील एक अवघड वाटणारा नियम एवढ्यावरून समजतो.

डेनिस रिची यांनी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवली. तिच्यात लिहिलेल्या प्रोग्रामच्या दोन अवस्था असतात. आधी कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. नंतर प्रोग्राम चालतो. पहिली अवस्था म्हणजे आखणी, दुसरी म्हणजे पाहुण्यांचे आगमन. ज्याची किंमत पहिल्याच अवस्थेत काढता येते, तो संकलनकालीन स्थिरांक. उदाहरणार्थ, ६० × ६०. कळफलकावरून येणारी संख्या मात्र तशी नव्हे.

आता पॉइंटर पाहू. पॉइंटर हाही एक चलच. पण त्यात दुसऱ्या चलाचा स्मृतीतील पत्ता असतो. सर्व फंक्शनांच्या बाहेर 'तापमान' हा चल घोषित केला, तर त्याची जागा प्रोग्राम संपेपर्यंत एकच राहते. म्हणून बाहेरच घोषित केलेल्या पॉइंटरला '&तापमान', म्हणजे तापमानाचा पत्ता, ही प्रारंभिक किंमत देता येते. लिंकर आणि लोडर हा पत्ता आधीच भरून ठेवतात. परंतु 'तापमान' या चलातील किंमत बाहेरच्या दुसऱ्या चलाला प्रारंभी देता येत नाही. फंक्शनच्या आतील साध्या चलाचा पत्ताही चालत नाही, कारण त्याची जागा फंक्शन बोलावल्यावर ठरते.

एवढी सक्ती का? बाहेरच्या चलांच्या किमती प्रोग्रामची पहिली आज्ञा पाळली जाण्यापूर्वीच तयार हव्यात. तोवर हिशेब करणार कोण?

बाहेरच्या पॉइंटरला किंमत दिली नाही, तर तो 'नल', म्हणजे कुठेच न दाखवणारा, होतो. फंक्शनच्या आतील साध्या पॉइंटरमध्ये मात्र काय असेल याचा भरवसा नाही. त्या पत्त्यावर लिहिणे म्हणजे परक्याच्या झोपडीत सामान फेकणे! कधी प्रोग्राम तिथेच बंद पडतो. कधी तो चालत राहतो आणि दुसरीच माहिती मुकाट्याने बिघडते. हे अधिक घातक, कारण चूक लवकर सापडत नाही. म्हणून पॉइंटरला घोषणेतच पत्ता द्यावा. तो ठाऊक नसेल तर 'नल' ठेवावा आणि वापरण्यापूर्वी तपासावा.

करून पाहा : सर्व फंक्शनांच्या बाहेर दहा घरांची 'माप' ही सारणी घोषित करा. बाहेरच्या पॉइंटरला 'माप + ३' ही प्रारंभिक किंमत चालेल का? आणि न हा चल असताना 'माप + न'? पहिली चालते, दुसरी नाही. कारण तुम्हीच सांगा.